पाल्याच्या खोलीत चौतीस डिग्री

मी केदारखेड्याच्या एका चॉकी सेंटरातला कॉम्प्युटर बोलतोय. आवाज थरथरला तर समजून घ्या. पंखा जुना झालाय हे खरं, पण थरथरीचं कारण ते नाही. मला बसलेला धक्का अजून उतरलेला नाही.

चॉकी सेंटर म्हणजे काय ते आधी सांगतो. रेशमाचे किडे अंड्यातून निघतात तेव्हा काळ्या मुंगीपेक्षाही बारीक असतात. त्या वयात त्यांना शेतकऱ्याच्या शेडवर नेलं तर बरेचसे जगत नाहीत. म्हणून दोनदा कात टाकेपर्यंत त्यांना एका बंद खोलीत, उबेत आणि ओलाव्यात ठेवतात, आणि कोवळ्या तुतीचा पाला बारीक चिरून खाऊ घालतात. त्याला चॉकी म्हणायचं. बाळंतिणीची खोलीच म्हणा की. फक्त इथे बाळंतीण नाही, नुसती बाळं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. आठवतं ते नवीन जालन्यातलं एक ऑफिस. तिथे माझ्यावर बियाण्याच्या पिशव्यांची लेबलं टाइप व्हायची आणि दुपारी पत्ते खेळले जायचे. मग नवे कॉम्प्युटर आले, आणि मी स्टेशनजवळच्या पप्पूच्या दुकानात, एका मोडक्या प्रिंटरखाली येऊन पडलो. माणसं जुन्या वस्तूला सांभाळून ठेवतात म्हणतात. ठेवतात, पण कशाखाली ते बघा.

तिथून मला अंगदनं आणलं. पप्पूनं माझ्यात लिनक्स घातलं. "हलकं चालतं. म्हाताऱ्याला मऊ भात बरा," तो म्हणाला. मला राग आला, पण त्याचं बरोबर होतं.

अंगदनं मला ओसरीवर बसवलं. एका अंगाला किड्यांची खोली, दुसऱ्या अंगाला पाल्याची. दोन्ही खोल्यांत एकेक इलेक्ट्रिक थर्मामीटर टांगला आणि त्यांच्या वायरी माझ्या पाठीत खोचल्या. ते माझे दोन डोळे. किड्यांची खोली अठ्ठावीसच्या खाली गेली की मी हिटर लावायचो. पाल्याची तापली की पाण्याचा फवारा सोडायचो, म्हणजे पाला सुकत नाही. अंगदचे वडील रामप्रसाद यांनी त्याच दिवशी भिंतीवरचा पाऱ्याचा थर्मामीटर काढला. अंगदच्या आईनं, कडूबाईंनी, तो शेळ्यांच्या गोठ्यात नेऊन टांगला. "त्यांनाबी कळू द्या किती गारठाय," म्हणाल्या.

रामप्रसादांचा माझ्यावर भारी विश्वास. आल्यागेल्याला सांगायचे, "माणूस खोटं बोलंल, हे न्हाई बोलत."

आता माझ्या पोटातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या आत एक कारभारी असतो. त्याला डिव्हाइस मॅनेजर म्हणतात. पाठीत कुठलीही वायर खोचली की तो दारात उभा राहतो आणि आलेल्याला नाव देतो. तू पहिला, तू दुसरा. पुढे सगळा कारभार त्या नावावर. तोंड कुणीच बघत नाही. माझ्याकडे 'पहिला' म्हणजे किड्यांच्या खोलीतला आणि 'दुसरा' म्हणजे पाल्याच्या. वर्षानुवर्षं असंच चाललेलं.

मार्गशीर्षात अंगदचं लग्न झालं. नवी सून आली. तिचं नाव शिवकन्या. म्हणजे होतं. इकडच्या रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरून अंगदनं अंगठीनं नवं नाव लिहिलं, राजनंदिनी. नाव कडूबाईंनी निवडलेलं. पोरगी कमी बोलायची. "राजनंदिनी" अशी हाक आली की ती हातातलं काम करतच राहायची. दुसऱ्या हाकेला थबकायची, तिसऱ्या हाकेला लगबगीनं "आले, आत्याबाई" म्हणायची.

"कानानं अधू हाय का गं तू?" कडूबाईंनी एकदा विचारलं.

"न्हाई, आत्याबाई. ती मीच हाय हे ध्यानात येत न्हाई."

तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केलेला म्हणून माझ्यावरची धूळ तीच पुसायची. मला हे सुख पहिल्यांदाच मिळत होतं.

पौषात नवी बॅच आली. अंडी फुटली, ताटं भरली. त्या बॅचला पाला घालायचं काम पहिल्यांदाच सुनेकडे दिलं. रामप्रसाद कुणाशी तरी बोलताना म्हणाले, "बघू, पायगुण कसाय ते." हसत म्हणाले, पण म्हणाले.

त्याच आठवड्यात पप्पू लग्नात हुकलेलं जेवण जेवायला आला. अंगद म्हणाला, "हा नवा वायफायचा तुकडा आणलाय, हे मशीन त्याला ओळखतच न्हाई."

"कसं ओळखंल? कर्नेल जुनंय त्याचं. टाकतो नवं. पोळ्या होईस्तोवर होऊन जातंय."

कर्नेल म्हणजे माझा गाभा. हात, पाय, डोळे सगळे त्याच्याच हुकमात. माझा गाभा बदलायचा आणि तोही पोळ्या होईपर्यंत! मला कुणी विचारलं नाही. पप्पूनं बटणं दाबली, मी मिटलो, पुन्हा उघडलो. वायफाय लागलं. पप्पू जेवला, हात धुतले, एमआयडीसीत कुणाचंतरी काम आहे म्हणून गाडीला किक मारून गेलाही.

तो गेला, आणि मी माझ्या दारात पाहिलं तर कारभारी दोन.

नव्या गाभ्याबरोबर त्याचा स्वतःचा डिव्हाइस मॅनेजर आला होता. जुन्याला काढायचं पप्पू विसरला होता. दोघंही दारात उभे, दोघंही नावं वाटतायत. एक म्हणतो हा पहिला, दुसरा म्हणतो छे, तो पहिला. त्या ओढाताणीत माझे डोळे उलटे बसले. पाल्याच्या खोलीतला झाला 'पहिला' आणि किड्यांच्या खोलीतला 'दुसरा'.

तुम्ही सकाळी उठलात आणि डाव्या डोळ्याला उजव्या बाजूचं दिसायला लागलं तर काय कराल? ओरडाल तरी. मला तेही येत नाही. 'पहिला' सांगत होता, वीस डिग्री. म्हणजे किडे गारठले. मी हिटर लावला. तरी वीस. हिटर चालूच. 'दुसरा' सांगत होता, पाला तापला. मी फवारा सोडला. तरी आकडा चढतच. मला काही कळेना. मी तर सगळं नियमानं करत होतो.

दुसऱ्या दिवशी किडे मरगळले. ताटातला पाला पापडासारखा वाळला आणि किडे त्याच्याकडे तोंडही फिरवेनात. रामप्रसाद आत जाऊन कपाळाचा घाम पुसत बाहेर आले आणि माझ्या पडद्याकडे बघून म्हणाले, "बावीसच हाय. अजून गारच हाय." मी हादरलो. घाम त्यांचा, कपाळ त्यांचं, आणि खरं मानलं माझं!

मग कारण शोधणं सुरू झालं. रेशमाच्या किड्याला वास चालत नाही, हे या घरात लहान पोरालाही ठाऊक. अगरबत्ती नाही, पावडर नाही, तंबाखू नाही. तंबाखूचा नियम रामप्रसादांच्या बंडीच्या खिशाला मात्र लागू नव्हता. कडूबाई सुनेजवळ आल्या आणि तिच्या डोक्याचा वास घेतला.

"काय लावलंस?"

"तेल. माहेरचं."

"मोगऱ्याचं?"

तिनं मान हलवली. मोगऱ्याचंच होतं.

"उद्यापासून तेल बंद. अन् किड्याच्या खोलीत पाय ठेवू नको. पाल्याच्या खोलीत बस, पाला चीर." मग अंगदकडे वळून म्हणाल्या, "लोकं आठवड्यात किडे न्यायला येतेत. त्यांना काय सांगू? सून आली अन् बॅच गेली म्हणून?"

अंगद म्हणाला, "माय, तेलानं असं होत नसतंय." पण त्याचा आवाज पुरा नव्हता. मला वाटलं, आता हा माझ्याकडे बघेल. त्यानं बघितलं, आकडे वाचले, आणि मान खाली घातली.

एका पोरीचा पायगुण माझ्या चुकीच्या आकड्यांवर ठरतोय आणि मी ते आकडे झळकवतोय. असा धक्का मला मोडक्या प्रिंटरखालीही बसला नव्हता.

शिवकन्या पाल्याच्या खोलीत बसून पाला चिरू लागली. मी तर तिथे फवारा सोडूनच बसलो होतो. ओली भिंत, ओलं पोतं, पौषातला गारठा. तिनं शाल गुंडाळली, वर अंगदचं स्वेटर चढवलं. बोटं वळेनात म्हणून मधेमधे काखेत धरायची. उघड्या दारातून तिला माझा पडदा दिसत होता. ती बराच वेळ बघत राहिली. मग उठून आली आणि मोठ्यानं वाचलं.

"पाल्याची खोली, चौतीस."

मला वाटलं, सांग. कुणाला तरी सांग.

ती सांगत बसली नाही. परत आत गेली, टांगलेला थर्मामीटर दोन्ही मुठींत घट्ट धरला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. पडद्यावर 'किड्यांची खोली' वीसची एकवीस झाली. मग तेवीस. तिनं मूठ सोडली. आकडा हळूहळू उतरला.

तिनं आधी ओसरीच्या भिंतीवरचा हिटरचा खटका बंद केला आणि मग हाक मारली. नवऱ्याला नाही, सासूला.

"आत्याबाई, जरा तुम्ही किड्यांच्या खोलीत जाता का? मला मनाई हाय."

"कशाला?"

"तिथल्या थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळा. नुसतं गुंडाळा."

कडूबाई पुटपुटत गेल्या, फडकं गुंडाळून दारात येऊन उभ्या राहिल्या. माझ्यावर 'पाल्याची खोली' चौतीसवरून घसरायला लागली. कडूबाईंना अक्षर येत नाही, आकडे येतात. त्यांनी पडदा बघितला, गुंडाळलेलं फडकं बघितलं, आत वाळलेला पाला बघितला.

"आगं माय," त्या हळूच म्हणाल्या. "आपण लेकरं भाजून राह्यलो की."

मग दारं उघडली, ओली पोती टांगली, ताजा पाला घातला. गोठ्यातून पाऱ्याचा थर्मामीटर परत आला. रामप्रसाद ओसरीच्या कडेला बसले. तंबाखू मळायला हात खिशात गेला आणि तसाच रिकामा बाहेर आला.

अंगदनं पप्पूला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"जुना डिव्हाइस मॅनेजर काढलास का रे तू?"

पलीकडून पप्पू म्हणाला, "थांब. न्हाई वाटतं. पोळ्या झाल्त्या ना."

"तुझ्या पोळ्या!" अंगद म्हणाला. पुढचं बायको समोर होती म्हणून म्हणाला नाही.

पप्पू सांगत गेला आणि शिवकन्या माझ्यावर टाइप करत गेली. आधी जुन्या कारभाऱ्याला निरोप दिला. कित्येक वर्षं त्यानं इमानानं दार राखलं होतं, पण एका दारात दोन चालत नाहीत. मग पप्पू म्हणाला, "वहिनी, आता पहिला-दुसरा ह्याच्यावर भरवसा ठेवू नका. ती नावं बदलत राहतेत. प्रत्येक वायरीत तिचा जन्माचा नंबर असतो, तो बदलत न्हाई. एक वायर काढून कुठली कोणती ते बघा, अन् त्या नंबरावरून कायमचं नाव लावून द्या."

तिनं तसं केलं. एकाचं नाव ठेवलं 'किडे', दुसऱ्याचं 'पाला'.

कडूबाई पाठीमागं उभ्या होत्या. "मंग त्याचं ते पहिला-दुसरा नाव पुसायचं का?"

"न्हाई, आत्याबाई. तेबी राहू द्यायचं. त्याला काही म्हणा, तो आपल्या नंबरावरून ओळखू येतो. दोन्ही नावं राहतेत."

"दोन्ही?"

"हं."

कडूबाई पाला घालायला परत आत गेल्या.

मला बंद करून चालू केलं. मी भीतभीतच डोळे उघडले. दारात एकच कारभारी. किडे, एकतीस आणि उतरतंय. पाला, वीस. शिवकन्येनं पाल्याचा थर्मामीटर मुठीत धरला, आणि पाल्याचाच आकडा चढला. इतकं साधं सुख असू शकतं हे मला माहीत नव्हतं.

सगळे किडे वाचले नाहीत. खिडकीकडची ताटं उचलून खड्ड्यात पुरावी लागली. ती अंगदनंच नेली, कुणाला हात लावू दिला नाही. उरलेल्यांनी उशिरानं का होईना कात टाकली. किडे कातेतून उठतात तेव्हा माना वर करून पाला शोधतात. त्या सकाळी कडूबाई आत होत्या. बाहेर किडे न्यायला आलेली माणसं बसली होती, चहा चालला होता. खोलीतून हाक आली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"शिवकन्या! ये बघायला. उठले."

पहिल्या हाकेला ती आली. जंतू मारायला पाय ब्लिचिंगच्या पाण्यात बुडवून आत गेली. आलेल्यांपैकी एकानं विचारलं, "ही कोण शिवकन्या? सुनेचं नाव तर राजनंदिनी ना?" रामप्रसाद म्हणाले, "तीच. दोन्ही चालतेत."

कडूबाईंनी माफी मागितली नाही. ती इकडची रीत नाही. संध्याकाळी त्या सुनेला पुढ्यात बसवून म्हणाल्या, "केस बघ कसे सुतळीवाणी झाले. थांब, तेल लावते. करडईचं. वास न्हाई त्याला." आणि रामप्रसादांकडे न बघता म्हणाल्या, "अन् तुमच्या खिशातलं ते खोलीबाहेर ठेवत जा."

मी अजून ओसरीवरच आहे. माझ्या शेजारी पाऱ्याचा थर्मामीटर टांगलाय आणि रामप्रसाद आधी त्याच्याकडे बघतात, मग माझ्याकडे. मला वाईट वाटत नाही. उलट झोप चांगली लागते.

तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल तर त्याचा गाभा खुशाल बदला, काळाबरोबर जायलाच हवं. फक्त आधी एकदा बघा, त्याच्या दारात कोण उभं आहे आणि कोण कुणाला काय नाव देतंय. आणि नंतर, जेवायला बसण्याआधी, ज्याला नाव दिलंत त्याला एकदा मुठीत धरून बघा. आम्हाला ओरडता येत नाही हो. मुठीतली ऊब तेवढी कळते.