पंधरा मिनिटांचं औषध

तिने ऑइलचं झाकण फिरवून काढलं, रिकामी बाटली इंजिनाच्या त्या भोकाशी उपडी धरली आणि मनात दहापर्यंत मोजलं. मेस्त्री अंगणातल्या त्यांच्या जुन्या गाडीत स्टिअरिंगपाशी बसले होते. वर केलेल्या बॉनेटमुळे त्यांना इकडचं काही दिसत नसे.

"टाकलं का औषध?"

"टाकलं."

"मग चालू करतो. आणि बाई, पंधरा मिनिटं गाडी हलवायची नाही हं. आतली घाण सुटलेली असते. पळवलीत तर इंजिन गेलंच समजा."

"नाही हलवत," ती म्हणाली. नवऱ्याने बाई म्हटलेलं आता तिच्या अंगवळणी पडलं होतं.

चाळीस वर्षं मेस्त्रींनी प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच बजावलं होतं. ऑइल बदलण्याआधी इंजिन धुवायचं औषध ओतायचं, गाडी जागच्या जागी पंधरा मिनिटं चालू ठेवायची, मग घाणीसकट जुनं ऑइल काढायचं. घाई करणाऱ्या एका डॉक्टरची किल्ली त्यांनी खिशात घालून ठेवली होती. तेव्हा ती गॅरेजातल्या बाटल्या पुसून फळीवर मांडायची, आणि हसू लपवायला डॉक्टरकडे पाठ करून उभी राहिली होती.

आता मेस्त्रींना जेवल्याचं आठवत नसे. दार उघडं दिसलं की ते रस्त्याला लागत. नियम मात्र शाबूत होता. औषध टाकलेली गाडी सोडून ते उठत नसत. औषध संपूनही वर्ष झालं होतं. उरली होती बाटली, आणि दिवसाची ही पंधरा मिनिटं.

तिने फाटकाला बाहेरून कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि झपाझप चौथ्या घरी गेली. धाकट्या बहिणीचा पलंग खिडकीला लागून होता. कमरेचं हाड मोडल्यापासून ती तिथून हलली नव्हती. आज खोलीत बांधलेली खोकी दिसत होती. उद्या सकाळी तिचा मुलगा तिला त्याच्या गावी नेणार होता, रेल्वेने दीड दिवसाच्या वाटेवर.

"बस की गं ताई."

"बसले की उठवत नाही."

"मेस्त्री काय म्हणतात?"

"काल म्हणाले, बाई, तुमच्या मालकांना सांगा, गाडी जरा जपून वापरा."

"मग सांगितलंस का मालकांना?"

दोघी हसल्या. धाकटीने हसता हसताच तिचं मनगट धरलं. ताईने खिडकीकडे कान दिला. इंजिनाची घरघर इथपर्यंत येत होती. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मनगट सुटेना.

"आता कधी गं?" धाकटीने विचारलं.

ताईने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले, दोनदा सारले, आणि हात सोडवून घेतला.

फाटक उघडलं तेव्हा इंजिन चालूच होतं, पण स्टिअरिंगपाशी कोणी नव्हतं. मेस्त्री बॉनेटपाशी उभे होते. ऑइल मोजायची पट्टी त्यांच्या हातात होती. पट्टीवरचं ऑइल त्यांनी चिमटीत घेतलं, चोळलं, नाकाशी नेलं. औषध पडलं की ऑइल पातळ होतं, त्याचा वास बदलतो, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

"अहो, मी..."

त्यांनी पट्टी फडक्याने पुसून जागेवर सरकवली. मग आज घाईत कठड्यावरच राहिलेली बाटली उचलून तळहातावर उपडी केली. तळहात कोरडाच राहिला. थोडा वेळ ते त्याच्याकडे बघत राहिले. मग बाटलीचं झाकण घट्ट बसवलं आणि कुंडीमागे, बायको रोज लपवायची तिथेच, ठेवून दिली.

ती किल्ली मुठीत धरून उभी होती.

मेस्त्री जाऊन स्टिअरिंगपाशी बसले. दार ओढून घेतलं.

"जुनं इंजिन आहे," समोर बघत ते म्हणाले, "आज तासभर लागेल."

ती हलली नाही.

"जा गं. धाकटी वाट बघत असेल." त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. "आणि कुलूप नीट लाव."