बिनवासाचे तेल

दिवसभर परक्यांच्या पाठी रगडून परतलेल्या सुनेच्या मनगटांत त्राण उरले नव्हते. तरी हात धुऊन ती सवयीने सासूबाईंच्या खोलीकडे वळली. सुगंधोपचाराच्या केंद्रात तिच्या हाताची ख्याती होती. घरी मात्र त्याच हाताला मज्जाव. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची काया कोरडी पडून टाचांना भेगा पडू लागल्या होत्या, आणि परिचारिकेने स्पष्टच बजावले होते, रोज तेल लावून घेणार नसतील तर त्यांना शुश्रूषागृहात हलवा. तिथली माणसे उद्या सकाळी न्यायला येणार होती.

लव्हेंडर झाले, संत्र्याच्या सालीचा अर्क झाला, गुलाबही झाला. प्रत्येक वाटी पुढे येताच त्या माउलीने भिंतीकडे तोंड फिरवले होते.

"आज कुठला बाजार उचलून आणलास?" सासूबाईंनी विचारले.

"जिरेनियम, आई. मन शांत होतं त्यानं."

"मन शांतच आहे. नाक तेवढं भांडतंय."

"किती छळशील तिला?" दारातून मुलगा म्हणाला.

"तू गप रे! आला मोठा बायकोचा वकील."

सून हसली नाही. हसण्यालाही बळ लागते. अर्क नुसता लावला तर कातडी पोळते, म्हणून त्याला अंगात वाहून नेणारे साधे बदामाचे तेल आधी कोमट करायचे आणि मग त्यात मोजके थेंब सोडायचे, हा तिच्या विद्येचा पहिला पाठ. त्या संध्याकाळी तेल कोमट झाले, तळव्यावर आले, टाचेला लागलेही. थेंब मात्र बाटलीतच राहिले. ते ध्यानी येताच तिचा हात थबकला.

सासूबाईंचा पाय मागे सरला नव्हता.

"थांबलीस का गं?"

"थेंब घालायचे राहिले. नुसतंच तेल आहे."

"असू दे नुसतंच." सासूबाईंनी डोळे मिटले. "घरी येऊन हात धुतेस, आणि पुन्हा तेच दुकान हाताला फासून माझ्यापाशी बसतेस. वाटतं, मीही रांगेतलं गिऱ्हाईकच."

"मग बोलायचं नाही का?"

"दमून येतेस. त्यात सासूची तक्रार कशाला?"

"आणि तोंड फिरवत होतात, ते काय होतं?"

"ते आपलं फुकटातलं."

टाचेच्या भेगांत तेल हळूहळू मुरत होते. मुलगा अवघडून उभा होता. "मग उद्या त्या माणसांना येऊ नका म्हणून कळवू?"

सासूबाईंनी डोळे उघडून सुनेकडे पाहिले. प्रश्न आपल्यालाच आहे, हे सुनेला उमगले. हो म्हटले की पुढल्या साऱ्या संध्याकाळी याच उशाशी जाणार. त्यांचा भार दुसरे कोणी उचलणार नव्हते. मनगटे ठणकत होती. तिने दीर्घ श्वास घेतला. वाटीला कसलाच वास नव्हता.

"कळवा," ती म्हणाली. "आणि जरा इकडे या. पाठीला लावायचंय, कूस बदलायला हवी. मला एकटीला नाही जमायचं."

तो लगबगीने पुढे झाला.

"आधी हातातलं घड्याळ काढा, अहो. त्यांना ओरखडेल."