साडी पांढरी होती

डाव्या कोपऱ्यातला तो मेणाचा डाग, खरा तुरीच्या डाळीएवढा, पडद्यावर मोठा केला की चांगला बशीएवढा होतो — आणि जया त्याच्या कडेकडेने मघापासून माउस फिरवत होती, पुसत नव्हती, नुसतीच फिरवत होती. दर पौर्णिमेला आप्पा फोटोपुढे मेणबत्ती लावायचे, वाऱ्याने ज्योत हलायची, थेंब उडायचा... काच फुटली होती, ती पुन्हा बसवायची राहूनच गेली. फोटोतली बाई गुलाबी साडीत, गुलाबी गालांनी, ओठ मिटून हसत होती. आई. जया तीन वर्षांची असताना गेलेली, आणि मागे एवढा एकच फोटो ठेवून गेलेली. उद्या तिचा स्मृतिदिन; हा फोटो नवा करून आप्पांच्या हातात द्यायचा, असं जयाने मनाशी धरलं होतं.

शनिवार पेठेतल्या या स्टुडिओत डागाळलेले फोटो नीट करता करता तिला पाच वर्षं झाली होती. लोकांची मुलं कॉम्प्युटर शिकून अमेरिकेत गेली, तिकडच्या भिंतींना आजी-आजोबा हवे झाले, आणि पेठेतली सगळी गेलेली माणसं एकाएकी गोरी व्हायला लागली. "जरा उजळ करा हं," गिऱ्हाईक म्हणायचं. "करून टाक," मालक सुदर्शनकाका म्हणायचे, "स्वर्गात ऊन नसतं."

आईला उजळ करायची गरजच नव्हती. ती गोरीच होती — वीस वर्षं भिंतीवर तशीच तर दिसत होती. जया काळी. आत्या म्हणायची, पोरगी बापावर गेली... आणि आपल्याला आईकडून काहीच मिळालं नाही, हे जयाने कधीच मान्य करून टाकलं होतं. आता ते दुखत नसे. दंडावरच्या लशीच्या खुणेसारखं नुसतं असे.

पण आज रंग काही केल्या जमेना. केस मेंदी लावल्यासारखे लाल, मागचं झाडही लालसर. जुने रंगीत फोटो असे तांबूस, फिकट पडतात, हे तिला ठाऊक होतं. त्यातली एक खरोखर पांढरी वस्तू कॉम्प्युटरला दाखवून दिली की बाकीचे रंग आपापल्या जागी येतात. पण पांढरं होतं कुठं? शेवटी तिने विश्रांतवाडीला घरी फोन लावला.

"आप्पा, आईच्या फोटोत पांढरं काय होतं हो?"

"साडी."

"साडी गुलाबी आहे."

पलीकडचा टीव्ही बंद झाला. "बुद्धपौर्णिमा होती, बाळा. विहाराच्या दारातच फोटो काढला. आनंदी, तुझी आई, पांढरीच नेसली होती. पौर्णिमेला गुलाबी कोण नेसतं?"

कोण नेसतं! दर वैशाखात स्वतः पांढरी साडी नेसून विहारात जाते मी, जगाचे फोटो सुधारते, आणि घरच्या भिंतीवरचं पांढरं मला दिसलं नाही... तिने फोटोतल्या पदरावर माउसने टिचकी मारली. झाड हिरवं झालं. केस काळेभोर झाले. आणि चेहरा — सावळासुद्धा नाही, काळा. कपाळ, हनुवटी, डोळ्यांखालची ती जरा जास्त गडद जागा, जिच्यावर जयाने आजवर किती पावडर खर्ची घातली होती.

सुदर्शनकाका मागे येऊन उभे राहिले. "चेहरा फार काळा आलाय गं. उजळ कर थोडा."

"नको, काका. माझी आई आहे ती."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मग बरोबर आहे," ते म्हणाले, जन्मात पहिल्यांदाच टोमणा न मारता, आणि दोन चहा सांगायला गेले.

जयाला भरून आलं. विहाराच्या दारातल्या त्या अनोळखी फोटोग्राफरचे उपकार, फोटो कधी कुणाकडे सुधारायला न देणाऱ्या आप्पांचे उपकार... आणि त्या गुलाबी बाईचे? तिला तर परीक्षेचे निकाल सांगितले होते, आत्याच्या चहाड्या केल्या होत्या. तिने सगळं निमूट ऐकून घेतलं होतं. तिला आई म्हणणं सोपं होतं. ही समोरची इतकी जवळची होती की जयाला तिच्यापुढे लाजल्यासारखं झालं. तिने माउसवरचा हात उचलला, त्या गालाशेजारी धरला, घाईने मागे घेतला — मी तुझ्यावर गेलेय गं — आणि पुन्हा धरला.