गाढव कुणाच्या टेबलावर

त्या ऑफिसात एक गाढव होतं. हसू नका, खरंच होतं. कापूस भरलेलं, राखाडी, एका कानाची शिवण उसवलेली. सगळ्यांनी लिहिलेला कोड एकत्र जोडला की भिंतीवरचा दिवा हिरवा राहायला हवा. ज्याच्या चुकीनं तो लाल होईल, गाढव त्याच्या टेबलावर. मग दुसरं कुणी चुकेपर्यंत ते त्याचंच. जेवायला जा, मीटिंगला जा, खाली चहाला जा, गाढव बगलेत हवंच. लिफ्टमधले परके लोक बघतात तर बघू देत. टीममधल्या एकूण एक पोरापोरींनी ते कधी ना कधी मिरवलं होतं. एकटी मास्तरीण तेवढी सुटली होती.

मास्तरीण हे तिचं जुनं नाव. अठरा वर्षं तिनं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवली. मग लेकीच्या कॉम्प्युटरच्या अभ्यासात डोकावता डोकावता तिलाच त्याचं वेड लागलं. संध्याकाळचे वर्ग केले, परीक्षा दिल्या आणि चाळिशी उलटल्यावर ही बाई ज्युनियर इंजिनियर म्हणून रुजू झाली. नणंद म्हणाली, "या वयात हे काय खूळ?" ती म्हणाली, "अजून उशीर केला तर खूळ म्हणा. म्हणून तर घाई करतेय." नवऱ्यानं शहाणपणा केला, त्यानं तिचा डबा भरून दिला.

भीती म्हणाल तर तिला नव्हतीच. ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबणाऱ्या माणसांशेजारी तिनं उमर घालवली होती. कॉम्प्युटर चुकला तर निदान फुटपाथवर तरी चढत नाही!

टीमचा प्रमुख होता दाढी. सगळे त्याला दाढीच म्हणत. वय सव्वीस, डोकं तल्लख आणि मन लोण्यासारखं. प्रत्येकाचा कोड आधी तो तपासायचा आणि तपासताना कुणाचा मुलाहिजा ठेवायचा नाही. "अरे, झोपेत होतास का हे लिहिताना?" असं भर खोलीत विचारायचा. मास्तरणीच्या कामावर मात्र एकच शेरा. "छान झालंय, ताई."

सुरुवातीला तिला बरं वाटलं. कुणाला वाटणार नाही?

एकदा जेवताना तिनं हे कौतुकानं लेकीला सांगितलं. लेक याच धंद्यात, आईच्या वर्षभर आधी नोकरीला लागलेली, त्यामुळे घरात सीनियर. तिचा घास हातातच राहिला. "नुसतं छान? आई, आमच्याकडे छान फक्त निरोप समारंभात म्हणतात."

"जळतेस माझ्यावर," मास्तरीण म्हणाली. पण बोलणं मनात कुठंतरी रुतलं.

बघता बघता प्रोबेशनचे तीन महिने संपत आले. कायम करायचं की नारळ द्यायचा, हे मॅडम ठरवणार होत्या. मॅडम म्हणजे ऑफिसच्या मुख्य, मास्तरणीपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान आणि बोलायला सडेतोड. मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी मास्तरीण घरी कपड्यांच्या घड्या घालत होती आणि एकदम तिच्या हातातला टॉवेल खाली पडला.

"अगं बाई! सगळ्यांनाच जाईल की तो!"

झालं होतं असं. त्यांचं सॉफ्टवेअर दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं. एखाद्या पेशंटची वेळ रद्द झाली की त्याला मेसेज जायला हवा. मास्तरणीनं निघण्यापूर्वी जे लिहून दिलं होतं, त्यात तो मेसेज त्या डॉक्टरच्या सगळ्याच पेशंटना गेला असता. एकाची वेळ रद्द, आणि अख्खा दवाखाना रिकामा! नवा कोड दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यांकडे जायचा होता, म्हणजे सकाळी दुरुस्तीला वेळ होता. ती भल्या सकाळी ऑफिसात पोचली, पर्स खांद्यावर तशीच ठेवून कोड उघडला आणि बघत राहिली.

चूक नव्हती. कुणीतरी ती नीट केली होती. भिंतीवरचा दिवा हिरवागार. आणि गाढव बसलं होतं दाढीच्या टेबलावर.

तेवढ्यात दाढी घरून आला, पाठीला बॅग, हातात कॉफीचा कप. तिला बघून दचकला.

"काल दिवा लाल झाला होता ना?" तिनं विचारलं.

"झाला होता थोडा वेळ. सोडा ना, ताई. आज तुमची मीटिंग आहे, उगाच कशाला..."

"याआधी किती वेळा झालंय हे?"

"एक-दोनदा."

"दाढी."

"बऱ्याचदा," तो कपात बघत म्हणाला. "ताई, बाकीच्यांना मी वाट्टेल ते बोलतो. तुम्ही वयानं एवढ्या मोठ्या, जिद्दीनं आलात. तुम्हाला बोलायला जीभच उचलत नाही हो. मग मीच गुपचूप नीट करून टाकतो, आणि दिवा लाल झालाच तर माझी चूक म्हणून गाढव घेतो."

मास्तरणीच्या डोक्यात तिडीक गेली. "शहाणाच आहेस! अरे, माझ्या गाडीत माझ्या पायाखालीही एक ब्रेक असायचा. दाबला की शिकणाऱ्याला ठणकावून सांगायचे, बाबा रे, आत्ता तू मेला असतास. न सांगता दाबत राहिले असते तर त्याला वाटलं असतं, आपल्याला येतंय. आणि एकटा निघाला की पहिल्याच वळणावर भिंतीत! तीन महिने मला वाटतंय मी गाडी चालवतेय. आणि ब्रेकवर पाय तुझा!"

दाढी गोरामोरा झाला. पोरगं वाईट नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

आता खोटं कशाला सांगू, क्षणभर तिच्याही मनात पाप आलं. मीटिंग आजच. कागदोपत्री आपण स्वच्छ. गप्प बसलं तर ब्रह्मदेवालाही कळणार नाही. एकदा कायम झालो की मग शिकू सावकाश. तिनं गाढवाकडे बघितलं. गाढवानं तिच्याकडे बघितलं.

एव्हाना बाकीचे येऊन बसले होते. तिनं दाढीच्या टेबलावरून गाढव उचललं.

"ताई, ते दाढीचं आहे," खिडकीजवळची मुलगी म्हणाली.

"नाही गं. माझं आहे ते," मास्तरीण म्हणाली आणि गाढव बगलेत मारून तडक मॅडमच्या केबिनमध्ये गेली. नियम म्हणजे नियम.

मॅडमनी आधी गाढव पाहिलं, मग तिला. "हे काय?"

"कालचा लाल दिवा माझा होता." तिनं पेशंटच्या मेसेजची सगळी हकिगत सांगितली. "आणि आधीच्याही चुका झाकल्या गेल्यात. झाकणाऱ्यानं चांगल्या मनानं झाकल्या, त्याला बोलू नका. मला काय ते बोला."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "आज मी तुम्हाला नाही म्हणणार होते."

मास्तरणीनं बगलेतलं गाढव घट्ट धरलं.

"तीन महिन्यांत तुमच्या कामावर एक प्रश्न नाही, एक वाद नाही. मला वाटलं, काम दाढीच करतोय आणि तुम्ही नुसत्या बसून आहात. चूक झालीय म्हणजे निदान काम तुमचंच आहे म्हणायचं. कुणी दाखवली?"

"कुणी नाही. घड्या घालताना आठवली."

मॅडमना हसू आवरेना. "दुरुस्तीच्या आधीचा तुमचा कोड आज सगळ्यांसमोर तपासू दे त्याला. मी मागे बसते. मग ठरवू."

दुपारी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तिचा कोड लागला. दाढी आधी चाचरत होता. "ताई, हे नाव जरा... म्हणजे वाचणाऱ्याला कळणार नाही." तिनं बदललं. "हेच दोनदा लिहिलंय." एक काढून टाकलं. एका ठिकाणी ती हिरिरीनं भांडली, साफ हरली आणि मुकाट्यानं दुरुस्तही केलं. मग मेसेजची ओळ आली. ती ओळ तिनं स्वतःच्या हातानं पुन्हा लिहिली, एकाच पेशंटला जाईल अशी. हळूहळू दाढीला रंग चढला, तो उठून पडद्यापाशी गेला आणि भान विसरून ओरडला, "अगं ताई, झोपेत होतीस का!"

दाढीनं जीभ चावली.

मास्तरणीला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. "होते वाटतं," ती म्हणाली. "पुढं बोल."

सगळे खो खो हसले. मागून मॅडम उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "कायम. पण उद्यापासून असंच तपासायचं."

संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा मास्तरणीनं पर्समधली सुई काढली होती आणि ती गाढवाचा उसवलेला कान शिवत होती. "झालं गं कायम," तिनं सांगितलं आणि दातानं दोरा तोडला.

दाढी घरी निघाला होता. तो थबकला. "ताई, कशाला शिवतेस? उद्या दुसऱ्या कुणाचं तरी होईल ते."

"होऊ दे की," ती म्हणाली. "आज माझं आहे."