आडवा ग्रह

हिरव्या कापडाच्या आडोशाला वाचातज्ज्ञ बाई मास्तरांच्या चेहऱ्याजवळ वाकल्या. कापडापलीकडे सर्जननी उघड्या मेंदूवर विजेची बारीक सळई टेकवली. मास्तर पूर्ण जागे होते. सळई टेकल्यावर त्यांचा शब्द अडला, तर तेवढा भाग कापायचा नाही, असं ठरलं होतं.

"शुक्राचं सांगा, सर."

"उलटा फिरतो. तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो. चंद्र नाही. बुधालाही नाही. दोघेही सडेफटिंग."

भूलतज्ज्ञ हसले. सर्जननी मेंदूतल्या गाठीचा आणखी एक तुकडा काढला.

"मंगळ?"

"दोन चंद्र. बटाट्यासारखे वेडेवाकडे."

गुरू झाला, शनी झाला. आता गाठीचा शेवटचा तुकडा उरला. मागच्या ऑपरेशनला असाच थोडा ठेवला होता, आणि वर्षभरात गाठ पुन्हा वाढली होती. सळई टेकली.

"शनीनंतर कोण?"

मास्तरांचे ओठ नुसतेच हलले. मग ते वर्गात हसत तसे हसले.

"तो ना? आडवा पडून फिरतो, आळशी लेकाचा. मागे चंद्रांचं लटांबर."

"बोलतायत की झकास," सर्जन म्हणाले. "काढतो."

"थांबा जरा. नाव काय त्याचं, सर?"

"सगळं मीच सांगायचं का? तुम्ही सांगा."

"डॉक्टर, थांबा. बोलतायत, पण नाव येत नाहीये."

सळई उचलली गेली.

"युरेनस," मास्तर हळूच म्हणाले. त्यांचा वरचा ओठ घामेजला होता. "आलं ना? काढून टाका तो तुकडा."

"काढला तर शब्द जातील, सर. परत येतील याची खात्री नाही."

"जाऊ देत. मला वर्षं हवीत."

"घरी सांगितलंत हे?"

मास्तरांनी डोळे मिटले. सर्जन हत्यार तसंच धरून उभे होते.

"राहू द्या," अखेर मास्तर म्हणाले. त्यानंतर त्यांनी बाईंकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी बाई खोलीत गेल्या, तेव्हाही ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. तेवढ्यात दार उघडलं. नर्सचा हात सोडून मास्तरांची बायको दाराशीच थांबली. तिने मान किंचित तिरकी केली.

"अहो, कुठे आहात?"

मास्तर वळले.

"इकडे. सरळ ये. डाव्या हाताला खुर्ची आहे, जपून."

हात पुढे करून ती आवाजाच्या दिशेने चालू लागली.