फणसाची फांदी

ठाप्! लाल तबकडी पुन्हा फणसाच्या फांदीवर आपटली आणि घरंगळत कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी जाऊन पडली.

"मरो तो मेला फणस!" म्हणत सहदेव कमरेवर हात ठेवून ती आणायला निघाला. शाळेतली शिपाईगिरी संपून त्याला तीन वर्षं झाली होती, बायको त्याआधीच गेली होती. मिरजोळ्याच्या त्या घरात बोलायला भिंती तेवढ्या उरल्या होत्या, आणि भिंती काही हुंकार देत नाहीत.

तबकडी गंगारामने आणलेली. गंगाराम म्हणजे शेजारी, लंगोटीयार, बोटीवरचा खलाशी. परदेशातल्या कुठल्याशा बंदरात माणसं झाडं चुकवत तबकड्या फेकतात आणि टोपलीत पाडतात, हे त्याने पाहिलं होतं. नोकरी संपवून आला तो तबकडी घेऊनच. आंबे उतरवायचा जाळीचा झेला काजूच्या झाडाला टांगला, की झाली टोपली! साठीचे दोन बाप्ये रोज संध्याकाळी कातळावर खेळतात म्हणून वाडी हसली. हसेना का! गडगा पार झाला, विहीर पार झाली. फणस मात्र दोघांनाही पुरून उरला. त्याची मनगटाएवढी आडवी फांदी नेमकी झेल्याच्या वाटेत.

मग गंगारामला दम्याने गाठलं आणि मुलगा त्याला मुंबईला घेऊन गेला. एस.टी.त बसताना तो म्हणाला होता, "फणस चुकवून पाडलीस की पत्र टाक. त्याच दिवशी गाडी पकडतो बघ, पोरगा आडवा पडला तरी. पन खोटं लिवायचं नाय हां!"

त्याला दीड वर्ष झालं. सहदेव रोज फेकत होता, कधी डावीकडून वळवून, कधी उजवीकडून. खेळाची हौस कसली? त्याला त्याचा माणूस परत हवा होता.

शनिवारी तो बाजारातून परतला, तर सखाराम कोयता घेऊन गडग्यावर बसलेला. पलीकडच्या बागेतला हा आंबेवाला तसा भला माणूस.

"आबा, तुमचं काम केलंय," तो हसत म्हणाला. "रोज बघतंय, ती फांदी तुमाला नडते. तोडून टाकली. आता फेका बिनधास्त!"

सहदेवने पाहिलं. फांदी खाली पडली होती, तिच्यातून चीक गळत होता. चांगलं करायला आलेल्या माणसावर ओरडायचं तरी कसं?

"बरं केलंस," तो म्हणाला. "च्या घेतोस?"

"च्या ऱ्हाऊ दे. आधी फेका तर!"

त्याने फेकली. तबकडी सरळ गेली आणि अलगद झेल्यात पडली. सखारामने टाळ्या वाजवल्या.

तो गेल्यावर सहदेव पोस्टकार्ड घेऊन ओट्यावर बसला. तबकडी झेल्यात पडली, हे काही खोटं नव्हतं. तेवढं एक वाक्य लिहिलं की गंगाराम येणार, पायरीवर बसून खोकणार, शिव्या घालणार. घर पुन्हा घर होणार. पेन कितीदा टेकलं आणि कितीदा उचललं. शेवटी त्याने लिहिलं, 'फणस अजून जात नाही. तब्येतीला जप.' आणि त्याला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शिडीवर चढला आणि तोडलेली फांदी सुंभाने फणसाला बांधू लागला, होती तिथेच. पानं मलूल होऊन लोंबत होती. गडग्यापलीकडून सखाराम बघतच राहिला.

"आबा, ह्ये काय वो?"

"वाटेत होती ती," सहदेव गाठ आवळत म्हणाला. "वाटेतच असू दे."

खाली उतरून त्याने तबकडी उचलली, खुणेच्या दगडावर उभा राहिला आणि फेकली.

ठाप्!