दहा ग्रॅमचा पहिला नंबर

त्या पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले, असे ते स्वतःला सांगत होते. खरे म्हणजे राहून गेले नव्हते. त्यांनी ते टाळले होते.

ग्राहकांसाठी निघणाऱ्या एका लहानशा मासिकाच्या कचेरीत ते मुद्रिते तपासत आणि वाचकांच्या पत्रांना उत्तरे लिहीत. वय झालेले, आवाज बारीक, आणि तोंड उघडण्याआधी थांबून विचार करायची खोड. कचेरीतले लोक त्यांना समोर ‘काका’ म्हणत आणि पाठीमागे ‘स्वल्पविराम’. दोन्ही नावे त्यांच्या कानावर होती. दुसरे आपल्याला जास्त शोभते असे त्यांचेही मत होते.

पत्र एका गृहिणीचे होते. अक्षर मोठे आणि सरळ.

“आमच्या ह्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. डॉक्टरांनी मीठ अगदी कमी करायला सांगितलं आहे. मी स्वयंपाकातलं मीठ जवळजवळ बंद केलं. अळणी जेवण ह्यांच्या घशाखाली उतरत नाही, म्हणून दोन्ही वेळा मोठा वाडगाभर सॅलड देते. तुमच्या अंकात सॅलड ड्रेसिंगची तुलना आली होती. त्यात पहिल्या नंबरावर आलेली ‘कमी चरबी’वाली बाटली मी आणते आणि ती हात सैल सोडून घालते, कारण त्यात मीठ सगळ्यात कमी असं तुमच्या तक्त्यात आहे. तरीही दाब उतरत नाही. परवा ह्यांना चक्कर आली. माझं कुठे चुकतं आहे का? तुमच्याइतकं खात्रीचं मी दुसऱ्या कुणाला विचारणार?”

फोन नंबर दिलेला नव्हता. पत्ता तेवढा होता.

पत्र वाचल्यावर त्यांनी तो अंक काढला. बाजारातली चार लोकप्रिय ड्रेसिंगे घेऊन त्यांतली चरबी, साखर आणि मीठ शेजारी शेजारी मांडले होते. पांढरे घट्ट क्रीमचे, तेल-व्हिनेगरचे, दह्याचे आणि हे ‘कमी चरबी’वाले. तक्त्याची मुद्रिते त्यांनीच तपासली होती. त्यांनी चारही बाटल्या बाजारातून पुन्हा आणून एकेक आकडा ताडून पाहिला. एकही आकडा चुकीचा नव्हता.

मग त्यांची नजर तक्त्याखालच्या बारीक ओळीकडे गेली. ‘सर्व आकडे उत्पादकाने छापलेल्या एका वाढणीप्रमाणे.’ तीन बाटल्यांवर एक वाढणी, म्हणजे एका वेळी घ्यायचे प्रमाण, तीस ग्रॅम होती. पहिल्या नंबराच्या बाटलीवर ती होती दहा ग्रॅम!

वाचकहो, यात लबाडी कोणाची म्हणायची? कंपनीने खोटे काही छापले नव्हते. मासिकाने खोटे काही उतरवले नव्हते. या कचेरीचा तर नियमच होता, की बाटलीवर जे छापले असेल ते जसेच्या तसे उतरवायचे, एक टिंबही इकडचे तिकडे करायचे नाही. पूर्वी एका कंपनीने एका चुकलेल्या आकड्यावरून मासिकाला कोर्टात खेचण्याची धमकी दिली होती. तेव्हापासून संपादकबाईंनी हा नियम घातला होता, आणि तो सगळ्यात कसोशीने पाळणारे काकाच होते. त्या प्रामाणिकपणानेच घात केला होता. दहा ग्रॅममधले मीठ तीस ग्रॅममधल्या मिठाच्या शेजारी बसले आणि सगळ्यात कमी दिसले. चारही बाटल्यांचे शंभर-शंभर ग्रॅम धरून हिशेब केला, तर मीठ सगळ्यात जास्त याच बाटलीत होते. साखरही. चरबी काढून घेतली की चव जाते. ती परत आणायला हे दोन्ही सढळ हाताने घातले होते.

ते पत्र आणि तो हिशेब घेऊन ते संपादकबाईंकडे गेले होते.

“आकडा चुकलाय का एखादा?” बाईंनी विचारले.

“आकडा नाही चुकलेला.”

“मग दुरुस्ती कसली छापायची? आणि काका, आत्ता तर मुळीच नाही. ती कंपनी बाटलीवर आपलं नाव छापणार आहे. ‘ग्राहक मासिकाच्या तुलनेत पहिला.’ इतकी वर्षं आपण घसा कोरडा केला, कोणी विचारलं आपल्याला? पहिल्यांदा घरोघरी नाव जाणार आहे. ते पत्र ठेवा बाजूला थोडे दिवस.”

त्यांनी ठेवले. आपले काही चुकत असेल, बाईंना जग जास्त कळते, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले. माझ्यासारख्या अनेकांना ही सवय असते. आपल्या शंकेपेक्षा दुसऱ्याची खात्री खरी वाटते.

काही दिवसांनी एका संध्याकाळी ते जेवायला बसले. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, दोघेच. ताईंचे सगळे आयुष्य इस्पितळात परिचारिका म्हणून गेले होते. निवृत्त झाल्या तरी समोरचा माणूस आपला रुग्ण आहे, हे त्यांच्या डोक्यातून गेले नव्हते.

“बाळ, तिसऱ्यांदा तोच घास उचललास. काय झालंय?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणणाऱ्याचाच ताप जास्त निघतो. बोल.”

त्यांनी सांगितले. तुलना झाल्यावर बाटल्या कचेरीतल्या माणसांत वाटून टाकत. त्यातली पहिल्या नंबराची त्यांच्या वाट्याला आली होती आणि समोरच टेबलावर होती. ताईंनी चष्मा चढवून ती फिरवून फिरवून पाहिली.

“ड्रेसिंग म्हटलं की मला अजून जखमच आठवते,” त्या म्हणाल्या. “तर या बाटलीचा आणि त्या बाईच्या नवऱ्याला चक्कर आली त्याचा संबंध आहे, असं तुला वाटतंय.”

“तसं ठामपणे कसं म्हणू? मी डॉक्टर थोडाच आहे? दुसरं कारणही असेल. आणि आकडे बरोबर आहेत गं.”

“आकडे बरोबर आहेत, मग जेवण का जात नाहीये तुला?” ताईंनी बाटली खाली ठेवली. “हे बघ. वॉर्डात औषध हातात घेतलं की पहिला प्रश्न काय? किती द्यायचं? थेंब की चमचा? एखादीनं चमच्याच्या जागी वाटी पाजली आणि म्हणाली, लेबल तर बरोबर होतं, तर मी तिला काय म्हटलं असतं?”

“तिला वॉर्डात उभं केलं नसतंस.”

“मग तुमचं मासिक वेगळं काय करतंय? ‘किती’ हेच तुम्ही खालच्या बारीक ओळीत ढकललंत. ती बाई हात सैल सोडून घालते, कारण तुम्ही तिला सांगितलंत. तुमचं छापलेलं आहे, म्हणून तिनं विश्वास ठेवला. ती अजूनही रोज दोन वेळा घालत असेल. आत्ता, या मिनिटाला घालत असेल.”

काकांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

“बाईंना मी नाही कसं म्हणणार, ताई? मला बोलताच येत नाही त्यांच्यासमोर. जीभ टाळ्याला चिकटते.”

“मग बोलू नकोस. तुला लिहिता येतं ना? आणि दाखवता येतं ना?” त्यांनी ताट पुढे सरकवले. “आधी जेव. उपाशी माणसाचं धाडस टिकत नाही.”

दुसऱ्या दिवशी काका कचेरीत गेले ते सरळ बाईंच्या टेबलापाशी.

“त्या पत्राला मी आज उत्तर पाठवतोय,” ते म्हणाले. आवाज नेहमीइतकाच बारीक होता, पण मध्ये कुठे थांबला नाही.

बाईंनी मान वर केली. “आपलं ठरलं होतं ना?”

“तुम्ही ठरवलं होतं. मी मान हलवली होती. ती माझी चूक.”

“कचेरीच्या कागदावर असलं काही जाणार नाही, काका. उद्या कंपनीनं तो कागद नाचवला तर?”

“घरचा कागद आणलाय. सहीही माझी, पत्ताही माझा.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तरी पाठवणार. मला कामावरून काढायचं असेल तर तो तुमचा अधिकार. उत्तर देणं हे माझं काम आहे, आणि आहे तोवर मी ते करणार.”

पलीकडे जाहिरातींचे काम पाहणारे गृहस्थ बसले होते. गोल, हसरे, कोणाचीही थट्टा करायला मोकळे. ते हळूच म्हणाले, “आज स्वल्पविरामरावांच्या वाक्यात एकही स्वल्पविराम नाही.” कोणी हसले नाही, तेव्हा त्यांनी कागदात डोके घातले.

बाई पुन्हा कागदांकडे वळल्या. जेवणाची सुट्टी झाली. कचेरीच्या मागच्या छोट्या खोलीत सगळे आपापले डबे उघडून बसत. चिरलेली काकडी, गाजर, कोबी, टोमॅटो असे काही ना काही प्रत्येकाकडे असेच. त्या तुलनेनंतर तर सगळ्यांनाच सॅलडचा नाद लागला होता. पहिल्या नंबराची दुसरी बाटली खोलीच्या फडताळात कायमची असे.

काका आत आले ते पाकिटे तोलायचा टपालाचा काटा दोन्ही हातांत धरून. त्यांनी तो टेबलाच्या मधोमध ठेवला.

“हे काय? आता जेवणालाही तिकीट लावणार?” जाहिरातवाल्यांनी विचारले.

“रोज घालता तेवढंच घाला,” काका म्हणाले. “जास्त नको, कमी नको. फक्त वाडगा यावर ठेवून घाला.”

जाहिरातवाल्यांनी हसत हसत बाटली उपडी केली. काटा सरकत सरकत साठ ग्रॅमने पुढे गेला.

“बायको म्हणते ते खरं आहे म्हणजे. माझा हात जड आहे.”

“आता तुम्ही, बाई.”

संपादकबाई थोड्या अनिच्छेने पुढे आल्या. सगळे पाहत आहेत म्हणून त्यांनी जपूनच ओतले. चाळीस ग्रॅम.

काकांनी तिसरा वाडगा ठेवला, स्वतःचा. बाटली हळूच तिरकी केली आणि दहा ग्रॅम होताच हात थांबवला. कोबीच्या एका पानावर लहानसा डाग पडला होता. बाकी सगळे कोरडे.

“ही एक वाढणी,” ते म्हणाले. “आपण हिला पहिला नंबर दिला.”

बाई वाकून पाहू लागल्या. “एवढंच? हे तर दिसतसुद्धा नाही.”

“तुमच्या वाडग्यात याच्या चौपट आहे. त्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास मीठ आहे आणि अडीच चमचे साखर. धडधाकट माणसानं दिवसभरात मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ खावं म्हणतात. त्या बाई दोन्ही वेळा घालतात. म्हणजे जवळजवळ अर्धं मीठ सॅलडमधूनच. आणि स्वयंपाकातलं मीठ त्यांनी बंद केलंय, आपल्यावर विसंबून.”

जाहिरातवाल्यांनी आपला वाडगा जरा दूर सरकवला.

“आपला एकही आकडा खोटा नाही,” काका म्हणाले. “आणि आपला तक्ता खोटा आहे!”

इतका मोठा आवाज त्यांच्या गळ्यातून निघू शकतो हे त्यांनाही माहीत नव्हते. ते स्वतःच दचकले आणि खुर्चीत बसले.

बाईंनी तो कोरड्या कोबीचा वाडगा जवळ ओढून घेतला. मग म्हणाल्या, “मी तो नियम आपल्याला कोणी खोटं ठरवू नये म्हणून घातला होता. वाचणाऱ्याला खरं कळावं म्हणून नाही. दोन्ही एकच आहेत असं मला वाटत होतं.”

“पण बाई, ती बाटलीवरची ओळ?” जाहिरातवाले चुळबुळले. “कंपनीला काय सांगायचं?”

“सांगायचं की आमचं नाव छापू नका. पुढच्या अंकात चारही बाटल्या शंभर-शंभर ग्रॅमनं मांडून नवा तक्ता देतोय, आणि माणसं खरोखर किती ओततात तेही देतोय.”

“चिडतील ते.”

“चिडू देत. फोन मी करते. तुम्ही जेवा. आणि त्यातलं थोडं निथळून टाका, साठ ग्रॅम म्हणजे अतीच झालं.” त्या काकांकडे वळल्या. “काका, घरचा कागद ठेवा घरी. कचेरीचा घ्या. खाली मीही सही करते.”

काकांनी त्याच दुपारी उत्तर लिहिले. चार ओळी लिहून दोन खोडायची त्यांची सवय, पण आज खोडाखोड फारशी झाली नाही.

“तुमचं काहीही चुकलेलं नाही. चूक आमची आहे. ती बाटली आजच बंद करा. त्याऐवजी लिंबाचा रस, थोडं तेल आणि मिरपूड घाला. मिठाची आठवण फार येणार नाही. बाटली मात्र फेकू नका, ती घेऊन पतींना डॉक्टरांकडे न्या आणि रोज किती घालत होता ते सांगा. गोळ्या आपल्या मनानं कमी-जास्त करू नका. पुढे कुठलीही बाटली घ्याल तेव्हा पुढच्या बाजूचे मोठे शब्द सोडा, मागचे आकडे किती ग्रॅमचे आहेत ते वाचा, आणि आपण किती ओततो ते एकदा तोलून पाहा. उत्तराला उशीर झाला. त्याला कारण आहे, पण सबब नाही. क्षमा करा.”

वाचकहो, मी काही मोठा जाणकार नाही, आणि तुम्हाला शिकवावे एवढा अधिकार माझा आहे असेही मला वाटत नाही. तरी एवढे सांगतो. ‘कमी’ असे लिहिलेले दिसले की ‘कशापेक्षा आणि कितीमध्ये’ हे विचारायला लाजू नका. दुकानात विचारा, कंपनीला विचारा, आमच्यासारख्या छापणाऱ्यांनाही विचारा. आणि जिथे तुमच्या सहीवर कोणी विश्वास ठेवत असेल, तिथे नुसते बरोबर असून भागत नाही. समोरच्याला खरे कळले पाहिजे. ते कळू न देणारा नियम कितीही जुना असो, कोणीही घातलेला असो, तो मोडा.

कचेरी सुटायच्या आत काका पाकीट घेऊन कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेले. पेटीच्या फटीशी हात नेला आणि सवयीप्रमाणे थांबले. ‘आजच बंद करा’ हे फार अधिकारवाणीने झाले का? आपण कोण सांगणारे?

मागे एक बाई स्वतःचे पाकीट धरून उभी होती. “टाकताय ना, आजोबा?”

“टाकतोय,” ते म्हणाले, आणि त्यांनी पाकीट आत सोडले.